द्वारकाला काय आवडतं

६ जानेवारी २०२५, सोमवार

हाताचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या नसरीन मॅडम म्हणाल्या, रोज लिहा. काय लिहू, विचारलं. म्हणाल्या, "कुछ भी लिखो चाचा, पण उजव्या हातानं." म्हणून ही वही. अक्षर कोंबडीच्या पायाचं. हात दुखतो. आज एवढंच.

७ जानेवारी

नाव बन्सी. वय सहासष्ट. वाळूजच्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथवर टर्नर होतो, फिरत्या लोखंडाला आकार द्यायचो. केसाएवढा फरक बोटाला कळायचा. दिवाळीनंतर झटका आला, उजवी बाजू गेली. पाय परत आला. हात अजून अर्ध्या रस्त्यात आहे. घर पडेगावात. घरात मी आणि बायको, द्वारका.

९ जानेवारी

सदऱ्याची बटणं ती लावते. मी भिंतीकडं बघतो. ती पण माझ्याकडं बघत नाही. बटणं लावून झाली की म्हणते, "झालं." रोज तेवढंच.

१२ जानेवारी, रविवार

आज जास्त लिहिणार. राग आलाय, आणि रागात हात बरा चालतो.

कांचनचा फोन आला नाशिकहून. आमची एकुलती पोर. म्हणाली, "बाबा, मम्मीला यंदा साठ पुरी होतात." मला माहीत नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे, पण आमच्या वेळच्या अर्ध्या गावाचा जन्म एक जूनचाच. कांचनला तिच्या आजीनं सांगितलेलं, शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, लोक उपास सोडत होते तेव्हा द्वारका झाली. म्हणजे यंदा सत्तावीस फेब्रुवारी. कांचन म्हणाली, मी येते, येताना दुकानातून मोठा केक आणते. मी विचारलं, मी काय करू? तर म्हणाली, "तुम्ही काही करू नका बाबा. तुम्ही फक्त बसून राहा."

बसूनच तर आहे.

मी म्हणालो, "केक मी करणार. घरी."  मग हळूच म्हणाली, "बरं. कुठल्या चवीचा?" मी म्हणालो, तूच सांग, तुझ्या आईला काय आवडतं. ती म्हणाली, "मम्मीला सगळंच आवडतं."



१३ जानेवारी

काल झोपताना आठवत होतो. मला काय आवडतं ते सगळ्या आळीला माहीत आहे. शिरा, खवा, पिकला पेरू, दुधातली भाकर, गोड वरण. तिखट नको, आंबट तर नकोच, मला पित्त. कांचनला वडापाव, चॉकलेट आणि बटाट्याची भाजी. आणि द्वारका? ती शेवटी जेवते. करपलेली भाकर तिच्या ताटात असते. केळं काळं पडलं की ती खाते. पातेल्यात जे उरतं ते तिचं जेवण. उरलेलं कोणाला आवडतं का?

लग्नाला अडतीस वर्षं झाली. तिला काय आवडतं हे मला माहीत नाही. हे मी कोणाला बोलू शकत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

१५ जानेवारी

सरळ विचारून बघितलं. म्हणालो, "कांचनची आई, तुला खायला काय आवडतं?" तिनं पदराला हात पुसले. "काय करू? सांगा ना." आणि शिरा करून आणला. जायफळ घालून, मला आवडतो तसा. खाल्ला.

१७ जानेवारी

वही गादीखाली ठेवतो. केकचं गुपित आहे तिच्यात. तेरा तारखेच्या पानावर पिवळं बोट उमटलंय, हळदीचं. माझंच असणार, जेवताना हात नीट धुतला नसेल.

नसरीन मॅडमना केकचं सांगितलं. त्या खूश झाल्या. रोज दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "अब इसकी जरुरत नक्को. क्रीमचा कोन दाबायचा, यापेक्षा चांगला व्यायाम नाही चाचा." प्लॅस्टिकचा कोन करून त्यात सैल भिजवलेली कणीक भरली. मी स्टीलच्या ताटात रेघा ओढल्या. गांडुळासारख्या. पण ओढल्या.

२० जानेवारी, सोमवार

पहिला केक. सोमवार-गुरुवारी द्वारका तीन ते पाच भजनाला जाते. कांचननं फोनवर व्हिडिओ पाठवला. कुकरच्या तळाला मीठ, शिट्टी आणि रिंग काढायची, आत वाटी, वाटीवर डबा. अंडं नाही, द्वारका खात नाही. दही आणि सोडा.

एका हातानं झाकणं कशी उघडायची ही काळजी होती. पण आमच्या घरातली झाकणं सगळी सैलच असतात, इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. मैदा, साखर, चाळणी, सगळं खालच्या फळीवर हाताशी.

गॅस पेटवणार तेवढ्यात शेजारच्या चतुराबाई आल्या. वाटीभर साखर पाहिजे होती. म्हणाल्या, "मी पेटवते की भाऊ, सरका." आणि तिथंच स्टूल घेऊन बसल्या. गॅस बंद होईस्तोवर उठल्या नाहीत. साखर न्यायची विसरल्या.

चॉकलेटचा केक मधोमध खचला, विहिरीसारखा. वरून लोणी आणि साखर फेटून लावायची होती. फेटता येईना. डावा हात फिरवतो आणि उजव्याला भांडं धरता येत नाही. गुठळ्या तशाच लावल्या. चतुराबाईंनी खाल्ला. म्हणाल्या, "पोटात गेल्यावर कोणाला दिसतंय." त्यांना शपथ घातली की द्वारकाला सांगायचं नाही.

पाच वाजता द्वारकानं फाटकाची कडी बराच वेळ वाजवली. ती कडी अडकते वाटतं. तेल घालायला पाहिजे. तेवढ्यात भांडी मोरीत लपवता आली.

२३ जानेवारी

भजन आता मंगळवार-शनिवारीही सुरू झालंय म्हणे. द्वारकाला अचानक देवाची इतकी ओढ लागलीय. माझ्या पथ्यावर पडलं.

२५ जानेवारी, शनिवार

पेरूचा केक केला. कांचन म्हणाली, बाबा वेगळं काहीतरी करा, लोक आता गुलकंदाचा करतात, पानाचा करतात. पेरू शिजवून गाळून पिठात घातला. वास फार छान. आतून ओला राहिला. चतुराबाई चहापत्ती मागायला आल्या. या बाईच्या घरात काहीच नसतं का?

१ फेब्रुवारी

जमला.

खव्याचा. आत खवा, वर दुधात सैल केलेला खवा, जायफळ, वेलची. फेटायचं नाही, नुसतं सुरीनं पसरायचं. लेथवर लोखंडाचा जॉब फिरतो तसं ताट डाव्या हातानं फिरवलं आणि सुरी एका जागी धरली. कडा अशी आली की माझा मीच बघत बसलो. उजव्या हातात सुरी होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा हातानं माझं ऐकलं.

चतुराबाईंनी दोन तुकडे खाल्ले. मग बोटं पुसत म्हणाल्या, "लई भारी झालाय भाऊ. पण खवा तर तुम्हाला आवडतो."

मी म्हणालो, "मग?"

"मग काही नाय. साठी तिची हाय."

उठून गेल्या.

२ फेब्रुवारी

चॉकलेट कांचनच्या आवडीचं. पेरू माझ्या. खवा माझ्या. मी केक कोणासाठी करतोय?

६ फेब्रुवारी

बारीक लक्ष ठेवून जेवायला बसलो. ती काय दोनदा घेते ते बघायचं. तिनं काहीच दोनदा घेतलं नाही. मला विचारलं, "भाजी चांगली नाय का झाली? तुम्ही माझ्याच ताटात बघताय."

११ फेब्रुवारी, मंगळवार

लिहायला नको वाटतं. पण लिहितो.

आज नाव लिहायचा सराव करायचा होता. लोण्याची क्रीम कोनात भरली. 'द' बरा आला. 'द्वा'ला बोटं आखडली. दाबलं तर कोन मागून फुटला आणि सगळं सदऱ्यावर, ओट्यावर. मला काय झालं कळलं नाही. डाव्या हातानं भांडं उचललं आणि भिंतीवर मारलं.

द्वारका दारात उभी होती. भजनाहून लवकर आली होती. मी म्हणालो, "कशाला वाचवलंस मला? अर्धा माणूस घरात ठेवून काय करणार आहेस?" जीभ जड झाली होती, शब्द वेडेवाकडे आले. तिला ते कळले. तिचं तोंड पांढरं पडलं.

तिनं फडकं घेतलं, भिंत पुसली. माझा सदरा बदलला, बटणं लावली. "झालं" नाही म्हणाली. मी सांगितलं, शिरा करत होतो, हातातून भांडं सुटलं. ती म्हणाली, "बरं."

दवाखान्यात एकवीस दिवस ती माझ्या पलंगाशेजारी फरशीवर झोपली होती.

केक बंद. कांचन दुकानातून आणेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

पाच दिवस वही उघडली नाही. आज उघडली तर आत नवा पेन. जुना मधेच अडायचा. कांचननं मागं दिलेला असेल, मीच ठेवून विसरलो असेन.

जेवताना द्वारका म्हणाली, "आवडाक्काला बरं नाय म्हणं. कोणीतरी कन्नडला जाऊन यायला पाहिजे. मला तर भजन हाय." आवडाबाई तिची थोरली बहीण. मी म्हणालो, कांचन आली की जाऊ. ती म्हणाली, "तुम्ही जाता का? डॉक्टर म्हणलेच होते, थोडं हिंडाफिरा. यष्टी तर घरासमोरून जाते." मला वाटलं चेष्टा करतेय. झटक्यानंतर मी एकटा चौकापलीकडं गेलो नाही. पण ती भाकरी थापत होती, वर बघत नव्हती.

मग डोक्यात आलं, आवडाबाईंना माहीत असेल. लहानपणापासूनची बहीण. तिला काय आवडतं हे आणखी कोणाला ठाऊक असणार?

जातो म्हणालो. भाकरी तव्यावर जरा करपली. तीच तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुष्कळ लिहायचंय.

सकाळी नऊची गाडी. द्वारका थांब्यापर्यंत आली. खिशात फोन, गोळ्या, चिठ्ठीवर पत्ता. मी म्हणालो, मी काय शाळेतलं पोर आहे का? पण चिठ्ठी ठेवली. कंडक्टरनं हाताला धरून वर घेतलं आणि दाराजवळची जागा रिकामी करून दिली. दौलताबाद, वेरूळ, सगळं खिडकीतून गेलं. डोंगर वाळलेले. किती दिवसांनी इतकं लांबचं बघितलं. डोळ्यांना पाणी आलं, वाऱ्यानं असेल.

कन्नडच्या स्टँडवर उतरलो तर आवडाबाई समोर उभ्या. बाजाराला आल्या होत्या, सहज. योगायोग बघा. मी म्हणालो, "आक्का, तुम्हाला बरं नाही ना?"

"कोण म्हणलं? मला काय धाड भरलीय?" मग जरा थांबून म्हणाल्या, "हां. होतं बरं नाय. काल उतरलं."

त्यांच्या घरी ओट्यावर बसलो. चहा झाला. बराच वेळ विषय काढता येईना. इतक्या वर्षांचा जावई, हे विचारायचं म्हणजे लाज वाटते. शेवटी म्हणालो, "आक्का, द्वारकाला खायला काय आवडतं?"

त्या हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील. म्हणाल्या, "आंबट."

"आंबट?"

"तुमच्या घरी आंबट बंद. तुम्हाला पित्त. लग्नानंतर पहिल्या सणाला आली तवा मायला म्हणली, त्यांना सोसत नाय, मी बी सोडलं. एका घरात दोन भाज्या कशाला. माय म्हणली, शहाणी हायस."

मी कप खाली ठेवला.

"लहानपणी चिंचेच्या झाडावरून उतरायची नाय. कैरी मिठाशिवाय खायची. आन् कवठ म्हणलं की जीव टाकायची. कवठाचा गर आन् गूळ. कांचनच्या वेळेला बाळंतपणाला आली, दोन महिने नुसती कवठं मागायची. एका बैठकीला तीन खाल्ली. मी म्हणलं, अगं, सासरी मागायचंस ना. तर म्हणती, त्यांनी विचारलं नाय, आपण हून काय सांगायचं."

आवडाबाईंच्या परसात कवठाचं झाड आहे. मी त्या झाडाखाली उभा राहून किती वेळा पान खाल्लं असेल. वर कधी बघितलं नाही.

त्यांनी सात कवठं पिशवीत घालून दिली. "शिवरात्र आली. म्हणा पूजेला आणली," असं स्वतःच सांगितलं. केकचं मी त्यांना बोललो पण नव्हतो, तरी त्यांनी कसं ओळखलं?

परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर. कवठाचा वास सगळ्या गाडीभर. शेजारचा माणूस म्हणाला, पिकलीत. मी म्हणालो, व्हय, घरच्यांसाठी आहेत.

पडेगावला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. द्वारका थांब्यावरच होती. मेथी घ्यायला आलेय म्हणाली. पिशवी रिकामी होती आणि भाजीवाला तर दुसऱ्या अंगाला बसतो. मी विचारलं, मेथी कुठं? ती म्हणाली, "चांगली नव्हती." पाय सुजलेले दिसले तिचे. बराच वेळ उभं राहिल्यासारखे.

घरापर्यंत आम्ही बरोबर चाललो. मला म्हणायचं होतं, अकरा तारखेला बोललो ते मनातलं नव्हतं. म्हणालो, "आक्का बऱ्या आहेत."

ती म्हणाली, "बरं झालं."

२० फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा सुरू. कवठ फरशीवर आपटून फोडलं. गर काढला, गूळ घातला, चाळणीवर घासून बिया आणि दोरे काढले. चाळणीवर घासायचं काम उजव्या हाताला जमलं.

वरच्या थराचं कोडं होतं. लोणी फेटणं होत नाही. मग सुचलं, श्रीखंडाला आपण काय करतो? दही फडक्यात बांधून नळाला टांगलं. दही आपोआप घट्ट होतं, माझा हात लागत नाही. तो चक्का, त्यात कवठाचा गर. आंबटात आंबट. चमचाभर चाटलं आणि कानशिलं झिणझिणली. हे माणसं आवडीनं खातात?

आत गव्हाचं पीठ, थोडा रवा, गूळ. मैदा नको. कवठाला मैदा शोभत नाही असं मला आपलं वाटलं.

२२ फेब्रुवारी

रंगाची पंचाईत. चक्का आणि कवठ मिळून सारवलेल्या भिंतीचा रंग येतो. कांचनला फोटो पाठवला. म्हणाली, "बाबा, थोडा गुलाबी रंग टाका ना, वाढदिवस आहे." विचार केला. नाही टाकणार. कवठाचा रंग कवठाचा. वर पांढऱ्या चक्क्यानं नाव लिहिलं की उठून दिसेल.

काय लिहायचं हा दुसरा प्रश्न. मी तिला कधी नावानं हाक मारली नाही. आधी 'अगं', मग 'कांचनची आई'. या वहीतच नाव लिहितो. केकवर 'कांचनची आई' लिहिलं तर तो कांचनचा केक होईल. 'सौ.' लिहिलं तर माझा. नुसतं 'द्वारका' लिहिणार. सकाळपासून ताटात एकोणीस वेळा लिहिलं. जोडाक्षर अवघड आहे, पण आता वाचता येतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज पूर्ण केक करून बघितला. नसरीन मॅडम आणि चतुराबाई, दोघींना खायला दिला. चतुराबाई आज जिरं मागायला आल्या होत्या. नसरीन मॅडमचे डोळे मिटले. "या अल्ला, कितना खट्टा. चाचा, गूळ वाढवा." चतुराबाई पण म्हणाल्या, गूळ पाहिजे. मलाही तसंच वाटत होतं. तिघांचं एकमत. गूळ दुप्पट करायचा.

जाताना नसरीन मॅडमनी माझा हात धरून म्हटलं, दाबा. दाबला. त्यांनी हात सोडवून घेतला आणि झटकला. "बस, बस. तोडोगे क्या?"

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

द्वारका वेरूळला गेली, चतुराबाईंना घेऊन. गर्दीला भिते, कधी जात नाही शिवरात्रीला. यंदा म्हणाली, संध्याकाळपर्यंत काही येत नाही. निघताना म्हणाली, कांचन दहाला पोचेल, तिला सांगितलंय. कांचन उद्या येणार होती, एक दिवस आधीच आली.

कांचनला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, हात लावायचा नाही. तिनं गॅस तेवढा पेटवला. मी पीठ चाळलं, मळलं नाही, नुसतं हलवलं. दोन थर भाजले. मध्ये कवठाचा गर. ताट फिरवत चक्का लावला. कांचन बघत होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही कंपनीत असं काम करायचात?" मी म्हणालो, असंच, फक्त वास तेलाचा यायचा.

नाव लिहिताना तिनं श्वास धरला होता, मला ऐकू आलं. 'द्वार' नीट आलं. 'का'चा काना शेवटी हात घसरून खाली लांब गेला, पार कडेवरून उतरला. पुसायला गेलो तर कांचननं हात धरला. "राहू द्या."

डबा झाकून फ्रीजमध्ये. द्वारका आली, थंड पाणी प्यायला फ्रीज उघडणार म्हणून मी आधीच माठातलं देऊन ठेवलं. तिनं फ्रीजकडं पाहिलंसुद्धा नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी तिनं उपास सोडला नव्हता तेव्हाच केक काढला. उपास सुटायच्या वेळेला झाली, तर त्याच वेळेला खायचा. कांचननं मेणबत्ती आणली होती, द्वारका नको म्हणाली, देवापुढचं निरांजन आणून ठेवलं. आम्ही तिघं आणि चतुराबाई.

तिनं नाव वाचलं. सातवीपर्यंत शिकलीय, वाचायला एवढा वेळ लागत नाही तिला. काना जिथून घसरला तिथं बोट नेलं, लावलं नाही. म्हणाली, "हाताला त्रास झाला असंल."

मी म्हणालो, "खा आधी."

तिनं सवयीनं पहिला तुकडा मला दिला. मी घेतला नाही. "आधी तू." ती बावरली. सगळ्यांच्या आधी ती कधी जेवलेली नाही. चतुराबाई म्हणाल्या, "खा गं बाई, निरांजन विझंल."

खाल्ला. डोळे मिटले. गालातल्या गालात जीभ फिरवली. कवठ आहे हे तिला वासानंच कळलं असणार, पण तसं काही दाखवलं नाही. मी तिच्या तोंडाकडं बघत उभा. एकतीस वर्षांत एकाही जॉबसाठी इतकं धडधडलं नव्हतं. ती म्हणेल, छान आहे. सगळ्याला तेच म्हणते.

ती म्हणाली, "गूळ जास्त झाला."

कांचन म्हणाली, "मम्मी."

"नाय, चांगला झालाय. लई चांगला. पण गुळानं कवठ दबलं. मला अजून आंबट चाललं असतं." आणि स्वतःच दचकली, कोणीतरी दुसरं बोलल्यासारखी.

मी खाली बसलो.  अडतीस वर्षांत तिनं पहिल्यांदा सांगितलं की तिला काय पाहिजे.

म्हणालो, "इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाय. मी बी सांगितलं नाय." तिनं दुसरा तुकडा घेतला. स्वतःच्या हातानं, कोणाला न विचारता. "दोघांचं बी चुकलं."

मग मी अकरा तारखेचं बोललो. कांचन आणि चतुराबाईंसमोरच, कारण एकटं असतो तर पुन्हा आवडाक्का बऱ्या आहेत असंच काहीतरी म्हणालो असतो. म्हणालो, "मी बोललो ते खरं नव्हतं. वाचवलंस ते बरं केलंस." तिनं मान हलवली. केक चावत होती, बोलता येत नव्हतं. डोळे पुसले आणि म्हणाली, "कवठ डोळ्यात चढतं."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कांचन सकाळी गेली. दुपार आहे. द्वारका समोर बसून मेथी निवडतेय. मी वही घेऊन बसलो तर म्हणाली, "आज काय लिहिताय?"

मी म्हणालो, तुला अजून काय आवडतं ते सांग, लिहून ठेवतो.

"कशाला. हसतील लोक."

"सांग."

"सत्तावीसच्या पानाला खाली जागा राहिलीय, तिथं लिहा. नवं पान कशाला." हिला कसं कळलं कोण जाणे. पण मी नवं पानच घेतलंय, खालची जागा पुरणार नाही असं दिसतंय.

आधी अडखळत सांगत होती. चिंचेचं सार. मिठातली कैरी. अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. मग सुरूच झाली. ज्वारीची भाकर शिळी, ताजी नाही, दह्यासोबत. बोरं, पण गावरान. पहाटेचा चहा एकटीनं, कोणी उठायच्या आधी. रेडिओ लावून भांडी घासणं. खिडकीकडची जागा यष्टीत. वेरूळला परवा गेली ते आवडलं, गर्दीसकट. पिवळं लुगडं, तिच्या आईचं होतं तसं. आणि माझं अक्षर, आधीचं, कंपनीतून चिठ्ठ्या पाठवायचो तेव्हाचं, आणि आताचं पण, हे तिनं मेथीकडं बघत सांगितलं.

माझा हात मागं पडतोय. ती यष्टीपर्यंत पोचली तेव्हा मी अजून अंबाडीवरच होतो. म्हणालो, "थांब जरा, हळू सांग."

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "लिहा सावकाश," म्हणाली. "मी कुठं चाललेय."